भिंतीपाशी थांबणारी पावलं

आम्ही त्या बागेत राहायला आलो तेव्हा बाग अजून बाग झाली नव्हती. हडपसरच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एका बंद कारखान्याची जागा होती. शेड पाडून झाली होती, लोखंड ट्रकांनी गेलं होतं, आणि वरून हातभर लाल माती पसरली होती. जुन्यापैकी उरलं होतं काय, तर एक फाटक आणि भिंतीकडेची रेन ट्रीची रांग. झाडं इतकी मोठी की त्यांच्याखाली दुपारीही संध्याकाळ वाटायची.

मला माळीकाम मिळालं आणि कामाबरोबर खोली. त्याआधी आम्ही विश्रांतवाडीला पत्र्याच्या रांगेत राहत होतो, चाळीस घरांना एक नळ. इथे पक्की भिंत, पक्का ओटा, आणि ओट्यावर नळ. त्या नळाची तोटी आमची एकट्यांची होती. पहिल्या दिवशी मी ती उगाचच चार वेळा उघडून बंद केली.

काम ज्यांनी दिलं ते सुपरवायझर साहेब अस्सल पुणेकर. "शिक्षण?" त्यांनी विचारलं.

"सातवी पास जी."

"पुरे. गवताला इंग्रजी येत नाही."

हा माणूस मला कागद न मागता काम देत होता, हे मी कधी विसरले नाही. पुढे ते मला जे काही बोलले तेही याच माणसाने बोललेलं, म्हणून मी गिळलं.

खोली माझ्यासाठी इतकी मोठी गोष्ट का होती ते सांगते. माझी मुलगी आठवीत होती. गोंदियाकडून निघाल्यापासून तिच्या तीन शाळा झाल्या होत्या. जिथे तिच्या बापाचं काम, तिथे शाळा. इथली शाळा फाटकापासून दहा मिनिटांवर. खोली राहिली तर शाळा राहणार होती. माझी स्वतःची शाळा आठवीतच सुटली. ते कसं, ते पुढे येईल.

काम होतं मधल्या मैदानावर हिरवळ लावण्याचं. आमच्याकडे धानाची रोवणी करतात तशीच मी गवताची केली, मूठभर काडी हातात, कमरेत वाकून, मागे मागे सरत. इथल्या माळणी पुढे सरकत लावतात, त्या मला हसायच्या. पण मागे सरकताना टाच आधी जमिनीला लागते, आणि टाचेला पुष्कळ कळतं. माझ्या टाचेला कळलं की ही जमीन मध्येच गरम होते. चार पावलं थंड, मऊ; मग एकदम तव्यासारखी. मग परत थंड. एका ठिकाणी टाचेला काही टोचलं. माती सारली तर अंगठ्याएवढा लोखंडी बोल्ट, वरून करवतीने कापलेला, जमिनीतून कुणी बोट वर काढावं तसा. मी त्याच्यावर माती लोटली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

गवत धरलं. भाद्रपदात पाऊस ओसरला तसं पहाटे दव पडू लागलं, आणि एका सकाळी मी दार उघडलं तर मैदान पांढरं धुकट झालेलं आणि त्यात कोरडे चौकोन. लांबट, सरळ कडांचे, एकसारखे. एका ओळीत चार, दुसऱ्या ओळीत तीन. त्यांच्यावर दवाचा थेंब नव्हता. गावाकडे मी पुष्कळ मसणवटे पाहिलेत. मला जे वाटायचं ते वाटलं.

पंधरा दिवसांत त्या चौकोनांमधलं गवत पिवळं पडून मेलं. मी ते उपटून पुन्हा लावलं. शेणखत घातलं. दिवसातून तीनदा पाणी दिलं. पुन्हा मेलं, आणि आता तर कडा पट्टीने आखल्यासारख्या दिसू लागल्या.

"अहो बाई," साहेब म्हणाले, "तुमच्याकडे म्हणे गुडघाभर पाण्यात भात उगवतो. इथे चार बोटं गवत उगवेना?"

"उगवंल जी."

"जी-जी करून उगवलं असतं तर मीही केलं असतं. दसऱ्यानंतर आठ दिवसांत उद्घाटन आहे. मोठी माणसं येणार. ही खरूज दिसता कामा नये. नाहीतर ठेकेदार दुसरा माळी आणेल, आणि दुसऱ्या माळ्याला खोली लागेल. मी काही करू शकणार नाही."

घरी मुलीला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो एका आयटी कंपनीच्या गेटवर रात्रपाळीला असायचा, सकाळी आठला यायचा आणि जेवताजेवता झोपायचा. तो म्हणाला, "खताचं प्रमाण चुकलं असंल." आणि झोपला.

त्याला मी दुसरी गोष्टही सांगितली नव्हती. पावलांची.

रोज उजाडता उजाडता, मी ओट्यावर भात टाकलेला असायचा त्या सुमाराला, खोलीच्या भिंतीपलीकडून कुणीतरी मोजत यायचं. हळू आवाजात, एकेका पावलाला एक आकडा. "...एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस." आवाज जवळ येत जायचा. "बेचाळीस. त्रेचाळीस." आणि त्रेचाळीसला पावलं थांबायची, अगदी माझ्या ओट्यासमोरच्या भिंतीमागे. माझ्या आणि त्या माणसाच्या मध्ये एक वीट. मग काही नाही. भाताला उकळी येऊन झाकण हलेपर्यंत काही म्हणजे काही नाही. मग पावलं परत जायची, न मोजता.

फाटकाला कुलूप असायचं. किल्ली माझ्याच कमरेला.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी खिडकीच्या कोपऱ्यातून पाहिलं. उंच म्हातारा, पांढरा शर्ट, पायात चपला. तोंड भिंतीकडे करून उभा. पाय फाकलेले, उजवा हात कमरेच्या उंचीला पुढे धरलेला, तळवा भिंतीला टेकलेला. डोळे उघडे होते. तो भिंतीकडे पाहत नव्हता. भिंत नसल्यासारखं तिच्यातून पलीकडे पाहत होता, म्हणजे माझ्याकडे. मी खाली बसले. मुलगी कुशीवर वळून म्हणाली, "आई, कोण मोजतंय?"

"कोणी नाही. झोप."

"बाबांना सांग ना."

सांगितलं असतं तर तो साहेबांकडे गेला असता. बंद बागेत माणूस शिरतो म्हणजे राखण नीट नाही, असं साहेब म्हणाले असते. त्या दिवसांत मी कुठूनही विचार सुरू केला तरी तो खोली जाण्यापाशीच येऊन थांबायचा.

नवमीच्या सकाळी पावलं आली नाहीत. मला बरं वाटलं. केर काढायला बाहेर आले आणि झाडू हातातच राहिला.

सातही चौकोनांना कडेने झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या. मधोमध हळदीचा सडा, त्यावर कुंकवाची पाच बोटं. एकेक नारळ, एकेक लिंबू. आणि प्रत्येक नारळाशेजारी एकेक लोखंडी वस्तू: पाना, हातोडी, छिन्नी, एक दाते झिजलेली कानस. तेल लावून पुसलेल्या. उघड्या मातीवर, कुणी नसताना, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

आता माझी शाळा कशी सुटली ते सांगते. आमच्या गावात एका सकाळी तिठ्यावर असंच लिंबू-कुंकू सापडलं. त्याच आठवड्यात पाटलाकडची दोन जनावरं दगावली. गावाने माणूस शोधायला सुरुवात केली आणि माझ्या मोठ्या आईपाशी येऊन थांबलं. बापाची वहिनी, विधवा, कमी बोलणारी. तिला काय काय केलं ते मी लिहीत नाही. आम्ही सगळ्यांनीच गाव सोडलं आणि आईच्या माहेरी गेलो. तिथली शाळा सातवीपर्यंतच होती.

तेव्हापासून जमिनीवर कुंकू दिसलं की मला भुताची भीती वाटत नाही. त्यानंतर येणाऱ्या माणसांची वाटते. साहेब दहाला येणार होते. ते हे बघतील आणि विचारतील, इथे राहतं कोण?

मी धावले. माळा ओढल्या, नारळ, लिंबं, हत्यारं सगळं ओटीत भरलं आणि मागच्या खताच्या खड्ड्यात टाकून वरून पालापाचोळा लोटला. मग पाइप लावून हळद धुवायला घेतली. हळद जाईना. पाणी चौकोनांवर साचून राहिलं, खाली मुरेचना, आणि बघता बघता सात पिवळी तळी झाली, पट्टीने आखलेली. मघाशी जवळ गेल्यावर दिसलं असतं ते आता फाटकातून दिसत होतं. मी हाताने पाणी उपसू लागले. माझे हात कोपरापर्यंत पिवळे झाले.

"अहो ताई! इथलं सामान कुठं गेलं?"

बागेच्या मागच्या कुंपणभिंतीच्या फटीतून सहा-सात म्हातारे एकामागून एक आत येत होते. इस्त्रीचे शर्ट, एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा. सगळ्यांत मागे माझा उंच माणूस.

पुड्यावाले पिवळ्या तळ्यांकडे पाहून म्हणाले, "मशिनी नेल्या तेव्हा निदान ट्रक तरी आले होते. हे तर चहा पिऊन येईपर्यंत साफ!"

मी हात जोडले. "मला वाटलं जी, कोणी करणी केली."

"करणी?" ते हसायला लागले. "ताई, आज खंडेनवमी. आपापल्या मशीनची पूजा करायची असते. मशीन राहिली नाही, जागा तर आहे? गेली दोन वर्षं इथं बुलडोझर होते म्हणून जमलं नाही. आज पहाटे येऊन मांडून ठेवलं. एकाची बस उशिरा, म्हणून चहाला गेलो."

दसऱ्याला आम्हीही विळे-कुदळी धुऊन पुजतो. पण घरात, देवापुढे, आणि विळा समोर असतो. नसलेल्या वस्तूला हळद वाहताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

दुसरे एकजण पुढे आले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नव्हती. "हसू नका रे तिला. या प्रेसनं माझी दोन बोटं खाल्ली आणि मी इथं उभा राहून तिला हार घालतो. करणी नाही तर काय म्हणायचं याला?" यावर कुणी हसलं नाही.

आम्ही सगळे मिळून खताचा खड्डा उपसत होतो तेव्हा फाटक वाजलं. साहेब वेळेआधी आले होते. त्यांनी पिवळी तळी पाहिली, माझे पिवळे हात पाहिले.

"हे तुम्ही केलंत?" त्यांच्या आवाजात नेहमीचा तिरकसपणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. "ऐकून होतो, तुमच्या भागात बायकांना हे प्रकार येतात म्हणून. गवत उगवेना तर हे?"

हे वाक्य मी पंचवीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं; शब्द वेगळे होते, एवढंच. मोठी आई त्या वेळी काही बोलली नव्हती. मीही बोलले नाही. मला वाटलं, आता घरात जाऊन भांडी बांधायला घ्यावी.

"आम्ही केलंय," दोन बोटं नसलेले काका म्हणाले.

"आपण कोण? आत कसे आलात?"

"भिंतीतून."

"भिंतीतून भुतं येतात."

"मग तसं समजा. तुम्ही चड्डीत होता तेव्हापासून इथंच आहोत." त्यांनी चपलेच्या टाचेने चौकोनावर ठोकलं. बद्द आवाज आला, मातीचा नव्हे. "ऐकलंत? इथं चार बोटं मातीखाली पुरुषभर काँक्रीट आहे. प्रत्येक मशीनखाली एक. ते काढायचं होतं, काढलं नाही, वरून माती ओढली. इथं मूळ जाणार कुठं? या ताईंच्या जागी अख्खं कृषी महाविद्यालय आणून बसवा, गवत यायचं नाही."

साहेबांनी काही विचारलं नाही. ते नवीन ऐकणाऱ्याचं तोंड नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत होते हे त्यांना कळलं, आणि त्यांनी मोबाइल काढून त्यात पाहायला सुरुवात केली.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "मग दहा दिवसांत काय करू? फोडत बसू?"

"बांध घालू जी," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी पिवळे हात पाठीमागे घेतले. "खाली जात नसंल तर वर जाऊ. आमच्याकडे धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, घालतात तसा चारी बाजूंनी हातभर बांध, आत माती, खत. उथळ मुळांची फुलझाडं धरतील. गवत नको."

"आणि चौकोनांचं काय?"

"चौकोन राहतील. पण मुद्दाम केल्यासारखे दिसतील."

साहेबांनी मैदानाकडे पाहिलं. "मुद्दाम केल्यासारखे," ते म्हणाले. "पुण्यात यावरच सगळं चालतं. करा. खोलीचं काय ते उद्घाटनानंतर बघू."

ते गेल्यावर पूजा झाली. नारळ फुटले. मला पहिला पेढा दिला. उंच काका मात्र कुठल्याच चौकोनापाशी उभे नव्हते. एक ओळ चारांची, एक तिनांची; बाकीचे फिरून सातही ठिकाणी हार घालून आले, गेलेल्या सोबत्यांच्या जागीही. यांच्या हातातला हार तसाच.

ते माझ्यापाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, आपली हरकत नसेल तर... माझी आत आहे."

मला कळायला वेळ लागला. मग मी दुसऱ्या ओळीकडे पाहिलं. तीन चौकोन, आणि चौथ्याच्या जागी माझी खोली.

ते रेन ट्रीपर्यंत मागे गेले आणि मोजत आले. त्रेचाळीसला भिंत आली. ते वळसा घालून दाराशी आले, चपला काढल्या, आत पाऊल टाकून म्हणाले, "चव्वेचाळीस." मुलगी भूमितीचं पुस्तक घेऊन चटईवर बसली होती, ती न सांगता बाजूला सरली. "पंचेचाळीस. सेहेचाळीस." सेहेचाळीसला ते ओट्यासमोर होते. पाय फाकले. उजवा हात पुढे आला आणि माझ्या नळाच्या तोटीवर बरोबर टेकला, जणू ती त्यांच्याच उंचीने बसवली होती.

हार त्यांनी ओट्याखाली, सिलिंडरशेजारी ठेवला. खिशातून पितळेची एक मापपट्टी काढून त्यावर टेकवली, डोळे मिटले, आणि उचलून परत खिशात घातली. जाताना त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खाटेपाशी थांबले.

"इथं कोण झोपतं?"

"मुलगी जी."

"डोकं कुठल्या बाजूला?"

मी दाखवलं.

"तिकडं नको. इथून असा," त्यांनी हवेत हात फिरवला, ओट्यापासून खाटेच्या उशापर्यंत, "मशीनचा पट्टा फिरत जायचा. रुंद, चामड्याचा. झाडायला एक बाई यायची. तुमच्याएवढीच. दिवाळी होती, न्हाऊन आली होती, केस ओले म्हणून मोकळे..." ते थांबले. मुलीकडे पाहून काहीतरी हसल्यासारखं केलं. "काही नाही. खाट फक्त फिरवून घ्या."

ते पुन्हा पहाटे आले नाहीत. त्यांना हवी ती जागा बहुतेक सापडली होती.

सात बांध सहा दिवसांत घातले. त्या म्हाताऱ्यांनी माझ्याबरोबर माती ओढली. काम करताना ते आपापसात फार बोलायचे नाहीत, आणि खाली वाकलेले सगळे एकाच वेळी सरळ व्हायचे, मला ऐकू न येणारी घंटा झाल्यासारखे. उद्घाटनाला आलेल्या मोठ्या माणसाने फुलांच्या ताटव्यांचं कौतुक केलं. साहेब म्हणाले, "मुद्दाम केलेत, सर." संध्याकाळी ते खोलीच्या दाराशी आले, आत आले नाहीत. "राहा," म्हणाले. मी पायांशी वाकले तेव्हा मागे सरून म्हणाले, "उठा, उठा. माझे उपकार नाहीत." ते खरं होतं, पण मी वाकले ते खोटं नव्हतं.

मुलगी आता दहावीला आहे. बागेत गर्दी असते, हास्यक्लब असतो, मुलं बांधांवरून उड्या मारतात. खाट मी त्याच दिवशी फिरवली. त्याने पुरं झालं नाही. ओट्यापासून खाटेच्या जुन्या उशापर्यंत जी रेघ काकांनी हवेत काढली, ती मला दिसते. भाकरी थापताना मी तिच्या अलीकडे बसते. रविवारी मुलगी न्हाऊन येते, केस पुसत पुसत पुस्तक शोधायला तिकडे निघते, आणि मी हातातलं टाकून ओरडते.

"आधी वेणी घाल!"

"आई, काय आहे तिथे? काही तरी आहे का?"

"काही नाही. वेणी घाल आणि मग जा."

ती कुरकुरत माझ्यापुढे पाठ करून बसते. मी ओले केस घट्ट ओढून घेते, शेवटपर्यंत गुंफते, एकही बट मोकळी राहिली नाही ना हे दोनदा बघते, आणि मगच तिला सोडते.